आईचा निरोप, दुप्पट वेगाने

॥ श्रीराम समर्थ ॥



आजचं वाचन : वाल्मीकि रामायण, सुंदरकांड, सर्ग 65 ते 67.

आजचा भाग तसा लहान आहे. मारुतीराय लंकेहून परत आले आहेत. सीतामाईने दिलेला चूडामणी त्यांनी रामरायाच्या हातात ठेवलाय आणि निरोप सांगितलाय. आता पुढे काय व्हायला हवं? निरोप मिळाला, पत्ता कळला, म्हणजे लगेच सैन्य निघायला हवं ना? पण वाल्मीकी इथे थांबतात. राम तो मणी छातीशी धरतो, त्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि तो मारुतीरायांना म्हणतो, सीता काय म्हणाली ते नीट सांग, पुन्हा सांग. आजाऱ्याला औषध तसे मला तिचे शब्द आहेत. मग 67व्या सर्गात मारुतीराय सगळं परत सांगतात. चित्रकूटावरच्या कावळ्याची गोष्टसुद्धा, जी फक्त त्या दोघांना माहीत होती.

लहानपणी हा भाग वाचताना मला कंटाळा यायचा. एकदा सांगून झालंय, परत कशाला? या वर्षी मात्र या तीन सर्गांनी मला अगदी रडवलं. का, ते सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

मी मूळची रामटेकची. गडाच्या पायथ्याशी आमचं घर. आईबाबा तिथेच राहतात. मी नागपुरात मिहानमध्ये नोकरी करते, म्हणजे घरापासून जेमतेम पन्नास किलोमीटर. आईला मोबाइलवर मराठी टाइप करायला जमत नाही, म्हणून ती बोलून पाठवते. रोज एक व्हॉइस मेसेज, कधी दोन मिनिटांचा, कधी पाच. त्यात भाजी काय केली, शेजारच्या ताईंकडे कोण पाहुणे आले, गडावर वानराने कुणाच्या हातातला नारळ पळवला, सगळं असतं. मागून गडाची घंटा ऐकू येते, कधी कुकरची शिटी.

आणि मी ते दुप्पट वेगाने ऐकायची. 2021 साली व्हॉट्सअॅपवर ही सोय आली तेव्हापासूनच. तुम्हीही ऐकत असाल. ऑफिसचे मेसेज, क्लासची लेक्चरं, कुणाचं लांबलचक स्पष्टीकरण, सगळं दुप्पट वेगाने. वेळ वाचतो, खोटं कशाला बोलू? पण हळूहळू आईचा आवाजही त्याच रांगेत आला. कॅबमध्ये बसल्याबसल्या ऐकायचं, एकीकडे मेल बघायचा आणि शेवटी हात जोडल्याची खूण पाठवायची. झालं.

गेल्या आषाढातली गोष्ट. असाच तीन मिनिटं बारा सेकंदांचा मेसेज आला. मी तो दीड मिनिटात उरकला. अंबाडीची भाजी, वानर, कुणाच्या तरी लग्नाची तारीख. हात जोडले आणि मीटिंगला गेले.

रविवारी मावशीचा फोन आला. म्हणाली, "काय गं, बाबा कसे आहेत आता?"

मी म्हटलं, "बाबांना काय झालं?"

मावशी गप्प झाली.

गुरुवारी आईबाबा नागपुरात येऊन गेले होते. बाबांना आंघोळ करताना चक्कर आली होती. रामटेकच्या डॉक्टरांनी नागपूरला दाखवून घ्या म्हणून सांगितलं होतं. दोघं सकाळच्या एसटीने आले. बाबांना बाकड्यावर बसवून आई एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत फिरली. फॉर्म इंग्रजीत होता, तो एका अनोळखी मुलाकडून भरून घेतला. रक्तदाबाची गोळी बदलून मिळाली आणि संध्याकाळच्या गाडीने दोघं परत गेले. मी त्याच शहरात, एसीमध्ये बसले होते.

मी तो मेसेज उघडला आणि पहिल्यांदा साध्या वेगाने ऐकला. भाजी होती, वानर होता, लग्न होतं. त्यानंतर आई थांबली होती. चार-पाच सेकंद काहीच नाही, फक्त मागे घंटा. मग म्हणाली, "बाबांले परवा चक्कर आली होती गं. डॉक्टर नागपूरले न्या म्हणून राहिले. गुरुवारी निघतो आम्ही. तुले जमलं तर येशीन का? नाही जमलं तरी राहू दे." आणि लगेच परत लग्नाच्या जेवणावर गेली.

शब्द तर दुप्पट वेगातही होतेच, माझ्या कानावरून गेलेही असतील. पण त्या आधीचा थांबा गेला होता. ते चार-पाच सेकंद ऐकले असते तर माझी मान मेलमधून वर झाली असती. आपली माणसं खरी गोष्ट सांगण्याआधी थांबतात, आणि वेग वाढवला की आधी तोच थांबा हरवतो.

मी आईला फोन केला. रागावलेच तिच्यावर, स्वतःचा राग होता तो. म्हटलं, एवढं होतं तर सरळ फोन का नाही केलास? ती म्हणाली, "तू मीटिंगमध्ये असशीन म्हणून बोलून ठेवलं. वेळ मिळेल तेव्हा ऐकशीन, असं वाटलं. मग तुझे हात जोडलेले आले. मी समजली, नाही जमत तुले."

माझ्या नमस्काराचा अर्थ तिने नकार असा घेतला होता. आणि तक्रार न करता घेतला होता.

मंडळी, त्या रात्री मी सुंदरकांड उघडलं, आणि मला तोच भाग मिळाला ज्याचा लहानपणी कंटाळा यायचा. राम विचारतोय, ती काय म्हणाली? पुन्हा सांग.

आपण राम कोण, याची मोठमोठी उत्तरं देतो. मला त्या रात्री एवढंच दिसलं, की राम म्हणजे निरोप दोनदा ऐकणारा. माहिती त्याला पहिल्याच वेळी मिळाली होती. दुसऱ्यांदा त्याला ती व्यक्ती ऐकायची होती.

आता जरा मारुतीरायांकडे बघा. अशोकवनात शिंशपेच्या झाडावर बसून ते आधी विचार करतात, मी बोलू कोणत्या भाषेत? विद्वानासारखं संस्कृत बोललो तर या माउलीला वाटेल रावणच वेष घेऊन आलाय, ती घाबरेल. म्हणून ते साध्या माणसांच्या बोलीत रामाची कथा सांगायला लागतात. तरीही तिला शंका येते. मग ते रामाची लक्षणं सांगतात, मग मुद्रिका देतात. आजच्या भाषेत ओळख पटवणं म्हणतो तेच हे, फक्त घाई कुठेच नाही. आणि परत आल्यावर रामाला सर्वांत आधी काय सांगतात? देवी सुखरूप आहे. ऐकणाऱ्याचा जीव आधी भांड्यात पडू देतात, बाकीचं मग. सीतामाईने एकच महिना जीव धरीन असं सांगितलेलं असतं, तेही ते लपवत नाहीत. असा दूत मिळणं हे भाग्य. पण दूत कितीही चांगला असला तरी पलीकडे ऐकणारा हवा ना?

आमच्या रामटेकला हे निरोपाचं प्रकरण फार जुनं आहे. कालिदासाचं मेघदूत सुरू होतं ते रामगिरीवर. म. म. वा. वि. मिराशींनी हा रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं मांडलं. काही अभ्यासक छत्तीसगडातला रामगड सांगतात. वाद असू द्या, पण वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या रिद्धपूर ताम्रपटात रामगिरीस्वामींच्या चरणांचा उल्लेख आहे, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीही या भागात रामाच्या पायाशी बसून शब्द लिहिले जात होते, तांब्यावर कोरून. मेघदूतातला यक्ष कामात चुकला म्हणून वर्षभर घराबाहेर. आठ महिने गेलेत, चार उरलेत, आणि आषाढाच्या पहिल्या दिवशी त्याला ढग दिसतो. ढग म्हणजे धूर, उजेड, पाणी आणि वारा, तो काय निरोप नेणार? कालिदासाला हे ठाऊक आहे आणि तो ते सरळ सांगतोही. पण ज्याचा जीव तुटतोय त्याला जड-चेतन हा फरक कुठला सुचायला? आपण रात्री हातातल्या काचेच्या तुकड्याशी बोलतो ते आणखी काय असतं?

आणि गंमत पाहा, यक्ष ढगाला सांगतो की तू बोलायला लागलास की ती तुझ्याकडे मान वर करून बघेल, मैथिलीने पवनपुत्राकडे बघावं तशी. म्हणजे कालिदासालाही निरोप म्हटलं की सुंदरकांडच आठवलं.

त्यात मला सगळ्यात आवडतं ते शेवटचं. सगळं सांगून झाल्यावर ढग काही बोलत नाही. यक्षाला तो नकार वाटत नाही. तू चातकाला पाणी देतोस तेव्हा तरी कुठे बोलतोस, असं तो म्हणतो. सज्जनांचं उत्तर म्हणजे काम करून टाकणं. हे वाचलं आणि माझ्या पोटात कालवलं. ढग न बोलता काम करणारा. मी उत्तर पाठवून काहीच न करणारी. निळ्या खुणा, जोडलेले हात, बदाम, हे सगळं त्या संध्याकाळी मला फार हलकं वाटलं.

आमची आजी लिहा-वाचायला शिकली नव्हती. बाबा 1984च्या सुमारास बल्लारपूरला पेपर मिलमध्ये लागले, तेव्हा ते निळं आंतरदेशीय पत्र पाठवायचे. पोस्टमनकाका ओट्यावर बसून ते आजीला वाचून दाखवायचे. एकदा वाचून झालं की आजी म्हणायची, "पुन्हा वाच ना बापा." काका परत वाचायचे. मग चहा. मग ती विचारायची, "जेवणाचं काय लिहिलं म्हणाला तू?" आणि ते तेवढीच ओळ तिसऱ्यांदा वाचायचे. ही गोष्ट बाबा हसत सांगतात. आजीने रामायण वाचलेलं नव्हतं, पण 67वा सर्ग ती ओट्यावर जगत होती.

नंतर एसटीडीचे बूथ आले. रात्री उशिरा दर कमी व्हायचा, म्हणून रांग रात्रीच लागायची. काचेच्या खोलीत लाल आकडे धावायचे आणि आई त्या आकड्यांकडे बघत बोलायची. घरी फोन नव्हता त्यांच्या लग्नपत्रिकेवर शेजाऱ्यांचा नंबर, पुढे कंसात पी.पी. शेजारचा मुलगा धावत यायचा, "काकू, फोन!" आणि आई ओल्या हातांनी पळायची. 2013च्या जुलैत तारसेवाही बंद झाली. तार म्हटलं की आजीच्या छातीत धस्स व्हायचं, कारण एकेका शब्दाला पैसे पडायचे आणि लोक फार गरजेचंच पाठवायचे.

तेव्हाचं सगळं छान होतं असं मी अजिबात म्हणत नाहीये. आजीला मुलाचा आवाज महिनोन् महिने ऐकू यायचा नाही. आज मी आईला गडावरून थेट रामाचं दर्शन दाखव म्हणू शकते आणि ती दाखवते. यक्षाला असं यंत्र मिळालं असतं तर तो नाचला असता. पण तेव्हा बोलणं महाग होतं, म्हणून ऐकणं आपोआप व्हायचं. 1955 साली रामनवमीला आकाशवाणी पुणे केंद्रावर गीतरामायण सुरू झालं. आठवड्याला एक गीत, अशी 56 गीतं वर्षभर चालली. वेळ चुकली की चुकली, म्हणून माणसं हातातलं काम बाजूला ठेवून रेडिओपाशी बसायची. 1987 मध्ये दूरदर्शनवर रामायण लागलं तेव्हा आमच्या गल्लीत एकाच घरी टीव्ही होता आणि रविवारी सकाळी चपला दारात मावत नसत. तीच मालिका 2020च्या लॉकडाऊनमध्ये पुन्हा लागली, तेव्हा आमच्या घरात बाबा टीव्हीवर बघत होते आणि मी आतल्या खोलीत फोनवर, कंटाळवाणा भाग पुढे ढकलत.

आता बोलणं फुकट झालंय. म्हणून ऐकणं ठरवून करावं लागतं. आपोआप होत नाही.

नवविधा भक्तीत पहिली भक्ती कोणती? श्रवण. कीर्तन दुसरं, स्मरण तिसरं. मला नेहमी वाटायचं की श्रवण पहिलं कारण ते सोपं आहे, नुसतं बसायचं. आता वाटतं, ते पहिलं आहे कारण ते नसेल तर पुढचं काहीच खरं होत नाही. आईचं तीन मिनिटं न ऐकणारी मी गडावर तासभर आरतीला उभी राहिले तरी देवाने काय समजायचं? तिथेही मी मनात दुप्पट वेगच लावत असणार. आरती कधी संपते, प्रसाद कधी मिळतो.

तुम्ही म्हणाल, ताई, दिवसाला शंभर मेसेज येतात, सगळे असे ऐकत बसलो तर नोकरी कोण करणार? बरोबर आहे. रामानेही सगळ्यांचं सगळं दोनदा ऐकलं नाही. वानर चारही दिशांना गेले होते, तीन दिशांचे आधीच रिकाम्या हाताने परत आले होते. त्यांचं एकदाच ऐकलं. पुन्हा सांग म्हटलं ते सीतेच्या शब्दांसाठी. म्हणून लेक्चर खुशाल दुप्पट वेगाने ऐका, सोसायटीच्या ग्रुपवरचं पाण्याच्या टँकरचं भांडण तर चौपट वेगाने. फक्त आपली दोन-तीन माणसं कोण, हे ठरवा. त्यांचा आवाज त्या रांगेतून बाहेर काढा.

आणि दुसरं. राम दोनदा ऐकून तिथेच बसून राहिला नाही. पुढच्या कांडाच्या सुरुवातीला तो मारुतीरायांना मिठी मारतो. माझ्याकडे तुला द्यायला आत्ता एवढंच आहे, म्हणतो. आणि मग निघायची आज्ञा होते. ऐकणं, कृतज्ञता, निघणं. माझ्या बाबतीत पहिलीच पायरी चुकली, म्हणून शेवटची आलीच नाही. पन्नास किलोमीटर. रामाला समुद्र होता.

त्या आठवड्यात मी रामटेकला गेले. बाबा ठीक होते, ओट्यावर पेपर वाचत होते. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "अगं त्या पोराने फॉर्म मस्त भरून दिला. इंजिनियर होता म्हणे." त्यांना माझ्यावरचं ओझं उतरवायचं होतं. मला ते उतरवून घ्यायचं नव्हतं. आई आतून म्हणाली, "जेवून जाशीन ना?" मी म्हटलं, राहते दोन दिवस.

संध्याकाळी तिघं गडावर गेलो. बाबा हळूहळू चढले, मध्ये मध्ये थांबत. आधी मी दोन पायऱ्या पुढे जायची आणि वळून बघायची. मग त्यांच्या बरोबरीने थांबायला लागले. खाली अंबाळा तलावावर ढग उतरले होते. बाबा थांबले की आई बोलायची, आणि मी ऐकायची. कुठलीच मोठी गोष्ट नव्हती. अंबाडी, वानर, लग्न.

आता मी आईचा मेसेज साध्या वेगाने ऐकते. रोज जमतं असं नाही. परवाच एक अर्धा ऐकून ठेवला होता आणि रात्री अकराला आठवला. पण हात जोडून पाठवणं मात्र बंद केलंय. ऐकून झालं की मीही बोलून पाठवते, आणि त्यात तिने सांगितलेली एक तरी गोष्ट परत विचारते. "नारळ मिळाला का शेवटी त्या काकूंना?" असं. म्हणजे तिला कळतं की पोचलं.

आजचा अभ्यास :

आज आपल्या माणसाचा एक निरोप निवडा. जुना असला तरी चालेल, ऐकायचा राहून गेलेला असेल तर फारच छान. हातातलं सगळं बाजूला ठेवा आणि साध्या वेगाने ऐका. मग सुंदरकांडातल्या रामासारखं आणखी एकदा ऐका. दुसऱ्या वेळी काही वेगळं ऐकू आलं का, ते बघा. आलं, तर उत्तर टाइप करू नका. फोन करा, किंवा जाऊन या.

नामाला बसाल तेव्हाही एवढंच लक्षात ठेवा, आपलंच नाम आपल्या कानाने ऐकायचं. माळ थोडी कमी झाली तरी चालेल.

उद्या युद्धकांड, सर्ग पहिला. रामरायाच्या मिठीबद्दल बोलू.

श्रीराम जय राम जय जय राम.